पड जमिनीचा उद्योग

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथहून वसमतकडे जाणाऱ्या वाटेवर शिरड शहापूर हे गाव आहे. तेथील मल्लिनाथांच्या जैन मंदिराच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. गावाभोवती काळी जमीन पसरलेली आहे. मृगाच्या सरी कोसळल्या की पेरण्यांची एकच धांदल उडते आणि थोड्याच दिवसांत सोयाबीन, तूर, कापूस व हळद यांच्या हिरव्या पट्ट्यांनी शिवार भरून जाते.

अशा या शिवारात ओढ्याकाठी एका शेतकऱ्याचे शेत होते. एका वर्षी मोठा पाऊस झाला. ओढ्याला पूर आला, बांध फुटला आणि काठावरच्या पट्टीची वरची माती वाहून गेली. खाली उघडा मुरूम राहिला. शेतकऱ्याने बांध पुन्हा घातला. परंतु ती पट्टी मात्र त्याने नांगरली नाही. तिला पड टाकून सात वर्षे लोटली.

वैशाखातील एका सकाळी शेतकऱ्याचा मुलगा आपल्या आजोबांबरोबर शेतावर आला. पट्टीवर वाळलेले गवत वाऱ्याने सळसळत होते. मधूनमधून बोरीची व तरवडाची झुडपे उभी होती. ओढ्याच्या बाजूला पळसाची रोपे व दोन कोवळ्या बाभळी दिसत होत्या.

मुलगा म्हणाला, "आबा, एवढी जागा उगीच फुकट पडली आहे. बाबा म्हणतात, यंदा गवत पेटवून द्यायचे आणि सगळी पट्टी नांगरून टाकायची. विहिरीच्या कर्जाचा हप्ता आहे ना! तेवढीच दोन पोती अधिक होतील."

"फुकट पडली आहे म्हणतोस?" आबा हसले. "अरे, सात वर्षे ती एकसारखी राबते आहे."

"कोण? ही पट्टी?"

आबांनी उत्तर दिले नाही. ते खाली बसले. गवताच्या बुडाशी हात घालून त्यांनी मूठभर माती काढली व ती मुलाच्या तळहातावर ठेवली. ती भुसभुशीत होती. तिच्यात कुजलेल्या पानांचे तुकडे व बारीक मुळ्या होत्या. पहिल्या पावसानंतर जसा वास सुटतो तसा मंद वास तिला येत होता. मग आबांनी बांधालगतच्या नांगरलेल्या शेतातील एक ढेकूळ उचलून दिले. ते दगडासारखे कठीण होते.

"सात वर्षांपूर्वी येथे नुसता मुरूम होता," आबा म्हणाले. "ही माती कोणी गाडीत घालून आणली नाही. आता सांग, ती आली कोठून?"

मुलगा विचारात पडला.

आबांचा प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी जगातील अनेक शास्त्रज्ञांनी आपले आयुष्य वेचले आहे. जमीन मोकळी सोडली तर ती स्वतःला कशी सावरते? त्यासाठी तिला किती वर्षे लागतात? आणि मनुष्याने कोणती गोष्ट केली असता तिचे हे सावरणे थांबते? या प्रश्नांचा सर्वांत अधिक अभ्यास उष्ण कटिबंधातील वर्षावनांत झाला आहे. कारण तेथील असंख्य लोकांची शेती हजारो वर्षे पड जमिनीच्या या सामर्थ्यावरच चालत आली आहे. म्हणून शिरड शहापूरचे कोरडे शिवार क्षणभर मागे ठेवून आपण वर्षावनात जाऊ या.

अरण्याचे धन कोठे असते?

दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन नदीचे खोरे, आफ्रिकेतील काँगो नदीचे खोरे, आग्नेय आशियातील बेटे, आणि आपल्या देशात सह्याद्रीचा पश्चिम उतार, ईशान्येकडील डोंगर व अंदमान बेटे या ठिकाणी वर्षावने आढळतात. आपल्या राज्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीला वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हिंगोलीकडे पडणाऱ्या पावसाच्या तो कितीतरी पट आहे. अशा ठिकाणी जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा असे वृक्ष एकमेकांना खेटून उभे असतात. भर दुपारीही जमिनीवर ऊन पोहोचत नाही.

एवढे घनदाट अरण्य पाहिले की कोणालाही वाटेल, येथील माती किती सुपीक असली पाहिजे! परंतु बहुतेक वर्षावनांची माती गरीब असते. वर्षानुवर्षे कोसळणाऱ्या पावसाने तिच्यातील चुना, पोटॅश इत्यादी क्षार धुऊन नेलेले असतात. कोकणातील व घाटमाथ्यावरील तांबडी जांभ्याची माती ही अशीच धुतली गेलेली माती होय.

मग एवढे वृक्ष जगतात कशावर? ते जगतात एकमेकांवर. झाडाचे पान गळून खाली पडते. उष्णता व ओल यांमुळे ते लवकर कुजते. त्यातून सुटलेले क्षार मातीत मुरण्यापूर्वीच मुळांचे दाट जाळे आणि मुळांना चिकटून राहणारी बुरशी ते टिपून घेतात व पुन्हा झाडाला देतात. अशा रीतीने अन्न झाडातून पानात, पानातून मुळात आणि मुळातून पुन्हा झाडात फिरत राहते. अरण्याचे बहुतेक धन असे झाडांच्या देहात साठलेले असते.

शिरड शहापूरची काळी माती याच्या अगदी उलट आहे. काळ्या पाषाणापासून बनलेली ही चिकणमाती क्षार व ओल दोन्ही धरून ठेवते. एखाद्या कुटुंबाने आपले धान्य कणगीत भरून ठेवावे, तशी तिची रीत. वर्षावन मात्र रोज कमवून रोज खाणाऱ्या कष्टकऱ्याप्रमाणे असते. त्याची कणगी रिकामी असते. पण हात क्षणभरही थांबत नाहीत. हात थांबले तर मात्र उपवास घडतो.

कुमरी आणि वरकस

वर्षावनात राहणाऱ्या लोकांनी हे रहस्य फार पूर्वी ओळखले होते. झाडांतील धन मातीत उतरवल्याशिवाय पीक येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते उन्हाळ्यापूर्वी रानाचा एक तुकडा तोडत. तोडलेली झाडे वाळली की त्यांना आग लावत. त्या राखेत चुना व पोटॅश असे. राखेमुळे मातीचा आंबटपणा कमी होई आणि पहिल्या पावसाबरोबर तिच्यात बी टाकले की पीक जोमाने येई. या शेतीला फिरती शेती म्हणतात. दक्षिण कोकण, गोवा व कारवार या भागांत तिला कुमरी किंवा कुमेरी हे नाव होते. रायगड जिल्ह्यातील ठाकूर व कातकरी लोकांच्या डोंगरातील जमिनी 'दळी' या नावाने ओळखल्या जातात. ईशान्य भारतात या शेतीला झूम म्हणतात.

कोकणातील डोंगरउतारावरच्या वरकस जमिनींची पद्धतही हिच्याशी नाते सांगणारी आहे. पहिल्या वर्षी नाचणी, पुढे वरी, आणि शेवटी हरीक, तीळ किंवा कारळे अशी पिके क्रमाने घ्यावयाची आणि मग जमीन काही वर्षे पड टाकावयाची, असा परिपाठ तेथे होता.

दोन-तीन पिकांनंतर थांबावे का लागे? कारण राखेचे धन अल्पजीवी असते. जळताना लाकडातील व पानांतील बराचसा नत्र धुरावाटे निघून जातो. उरलेले क्षार काही पीक खाते, काही पाऊस धुऊन नेतो. शिवाय तण माजते व त्याच्याशी झगडता झगडता शेतकरी थकून जातो. मग तो तुकडा सोडून लोक दुसरीकडे जात आणि दहा, पंधरा, वीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी परत येत. तोपर्यंत तेथे नवे रान उभे राहिलेले असे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारच्या वनाधिकाऱ्यांनी या शेतीवर निर्बंध घातले. त्यांना जळणारे रान दिसले. परंतु त्यानंतरची पडीची वर्षे हीही त्या शेतीचाच एक भाग आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र पीक हे दोन वर्षांचे काम आणि पड हे पंधरा वर्षांचे काम होते. फरक इतकाच की, पहिले काम तो स्वतः करी व दुसरे जमिनीवर सोपवी.

पडीच्या वर्षांत काय घडते?

सह्याद्रीच्या उतारावर सोडून दिलेल्या एखाद्या शेताकडे आपण वर्षानुवर्षे पाहत राहिलो, तर काय दिसेल?

पहिल्या पावसाळ्यात गवत व तण उगवते. शेतकऱ्याला नकोशी वाटणारी ही मंडळी येथे मोठीच कामगिरी बजावतात. त्यांच्या मुळ्या मातीला धरून ठेवतात. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला तर तो तिचे कण उडवून नेतो. तोच थेंब पात्यावर पडला तर हळूच खाली उतरतो. म्हणजे जखमेवर प्रथम खपली धरावी, तसे हे गवत होय.

त्याच वेळी जमिनीखालूनही हालचाल सुरू होते. तोडलेल्या झाडांचे काही खुंट व मुळे जिवंत असतात. त्यांना धुमारे फुटतात. कुंभ्यासारख्या झाडाची साल जाड असते; त्यामुळे ते आगीतूनही वाचते. जेथे शेतकऱ्याने खुंट उपटून काढलेले नसतात, तेथे रान लवकर परतते.

पुढील दोन-चार वर्षांत करवंद, धायटी, रामेठा, दिंडा अशी झुडपे दाटतात. मोठ्या गोल पानांचा चांदाडा भराभर उंच होतो. त्याला भरपूर ऊन लागते. उघड्या जागेत तो पहिल्या फळीचा वीर असतो. पण दाट सावलीत त्याची स्वतःचीच रोपे वाढत नाहीत. आपल्या सावलीने तो दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करतो आणि काही वर्षांनी स्वतः मागे हटतो.

आता पाहुणे येऊ लागतात. करवंदे खाण्यासाठी बुलबुल येतात. रात्री वटवाघळे येतात, उदमांजर येते. आपल्या पोटातून ते दूरच्या झाडांचे बी आणतात आणि विष्ठेबरोबर येथे टाकतात. मोठ्या फळांचे बी आणण्याचे काम धनेशासारखे मोठे पक्षी करतात. वर्षावनातील पुष्कळ झाडांचे बी जड असते. ते वाऱ्याने उडत नाही. म्हणून जवळपास जुने रान नसेल, किंवा तेथील पक्षी नाहीसे झाले असतील, तर या झाडांना परतण्याची वाटच उरत नाही.

मातीतही असाच पालट होत असतो. गळालेल्या पानांचा थर साचतो. वाळवी, गांडुळे, किडे व बुरशी त्याचे तुकडे करतात. त्यातून काळसर कुजीव माती बनते. ती सच्छिद्र असल्यामुळे पाणी आत मुरते. खोलवर गेलेली मुळे तळाचे क्षार वर ओढून घेतात व पानांच्या रूपाने पृष्ठभागावर आणून टाकतात. शेंगा धरणाऱ्या अनेक झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र घेऊन झाडाला देतात. धुराबरोबर गेलेला नत्र अशा मार्गाने पुन्हा मातीत येऊ लागतो.

शिरड शहापूरच्या पट्टीवरही याच कामाची एक लहानशी आवृत्ती चालू होती. गवताने गाळ अडवला. बाभळीच्या मुळांवरील गाठींनी नत्र दिला. बोरे खाण्यासाठी आलेल्या पाखरांनी बी आणले. आबांनी मुलाच्या हातावर ठेवलेली माती अशी थोडी ओढ्याच्या गाळातून व थोडी पानापानांतून जमली होती.

किती वर्षे लागतात?

२०२१ साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने या विषयावरचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अमेरिका खंडातील व पश्चिम आफ्रिकेतील ७७ ठिकाणी शेते व कुरणे सोडून दिल्यावर जी रानवने आपोआप वाढली, त्यांचे दोन हजारांहून अधिक तुकडे त्यांनी मोजून पाहिले आणि जुन्या अरण्याशी त्यांची तुलना केली. त्यांना जे आढळले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सर्वांत आधी सावरते ती माती. दहा वर्षांच्या आतच तिची सुपीकता जुन्या अरण्यातील मातीच्या जवळपास येते. पाने व लाकूड यांच्या गुणधर्मांना सुमारे पंचवीस वर्षांपर्यंतचा काळ लागतो. झाडांचा लहानमोठेपणा व त्यांच्या जातींची संख्या पूर्वीसारखी होण्यास पंचवीस ते साठ वर्षे लागतात. परंतु लाकडाचा एकंदर साठा आणि कोणत्या जातीची किती झाडे असावीत ही मूळची घडण परत येण्यास मात्र एकशे वीस वर्षांहूनही अधिक काळ जावा लागतो. सर्व बाबींचा एकत्र विचार केला तर वीस वर्षांत असे रान जुन्या अरण्याच्या सरासरी ७८ टक्के इतकी मजल गाठते.

हे आकडे दूरदेशीचे आहेत व ज्या जमिनींवर फार अत्याचार झालेला नव्हता अशाच जमिनींचे आहेत. प्रत्येक डोंगराला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली आशेची आहे: संधी मिळाली तर जमीन आपल्या कल्पनेपेक्षा लवकर सावरते. दुसरी सावधगिरीची आहे: वीस वर्षांचे हिरवेगार रान पाहून जुने अरण्य परत आले, असे समजणे चूक आहे. जे अरण्य तोडण्यास आठ दिवस लागतात, त्याची मूळ घडण पाहण्यास तोडणाऱ्याचा नातूही उरेल की नाही याची शंकाच आहे.

विसावा तुटला तर

पूर्वी ईशान्येकडील डोंगरांत झूमची फेरी वीस-तीस वर्षांची असे. पुढे लोकसंख्या वाढली. फिरण्यास मोकळे असलेले रान कमी झाले. त्याच त्या तुकड्याकडे लोकांना लवकर परतावे लागले. अनेक ठिकाणी ही फेरी चार-पाच वर्षांवर आली. मेघालयात या शेतीचा अभ्यास करणाऱ्या पी. एस. रामकृष्णन या शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, ही शेती नीट चालावयाची तर निदान दहा वर्षांची पड हवी. त्याहून लवकर परतले तर झुडपांची झाडे होण्यापूर्वीच ती जळतात. राख थोडी मिळते, तण अधिक माजते आणि उतारावरची माती वाहून जाते. पीक कमी आले की अधिक जमीन तोडावी लागते, आणि अधिक जमीन तोडली की विसावा आणखी कमी होतो. कर्जावर कर्ज काढणाऱ्या माणसासारखी अवस्था होते.

यात दोष कोणाचा? ज्याच्या घरी चूल पेटावयाची आहे, त्याला 'आणखी सहा वर्षे थांब' असे सांगणे सोपे नसते. म्हणून ज्यांनी पोटही भरले आणि जमिनीचा विसावाही राखला, त्यांच्याकडून शिकले पाहिजे. नागालँडमधील खोनोमा या गावचे लोक आपल्या डोंगरशेतांत आल्डर नावाचे वृक्ष राखतात. ते वृक्ष समूळ तोडीत नाहीत. खोडाचा वरचा भाग तेवढा छाटतात, लाकूड सरपणाला वापरतात आणि मोकळ्या उन्हात पिके घेतात. आल्डरच्या मुळांवरही नत्र साठवणाऱ्या गाठी असतात. पडीच्या काळात त्याला नवे फाटे फुटतात व तो मातीला पुन्हा कस देतो. त्यामुळे थोड्या वर्षांचा विसावाही तेथे पुरेसा होतो.

आपल्याकडील देवरायांचे महत्त्वही येथे कळते. गावाच्या देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवावयाची नाही, असा दंडक कोकणात व सह्याद्रीच्या गावांत होता. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या अभ्यासकांनी अशा देवरायांचा शोध घेतला. आसपासचे डोंगर उघडे पडले तरी त्यांत जुन्या अरण्यातील वृक्ष टिकून राहिले होते. अशी एखादी देवराई जवळ असेल, तर पड शेताकडे बी घेऊन येणाऱ्या पाखरांना घर असते. देवराई म्हणजे सबंध डोंगराची बियाण्याची पेटीच होय.

सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमेवर कोयना व चांदोलीचे रान आहे. २०१० साली तेथे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. धरणांसाठी व वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी तेथील अनेक गावे उठून दुसरीकडे गेली. त्यांच्या जुन्या शेतांवर आज गवत व झुडपे वाढली आहेत आणि तेथे गवे चरतात. हे रान पाहताना ज्यांनी आपली घरे व शेते सोडली त्या माणसांची आठवण ठेवली पाहिजे. जमिनीला विसावा मिळतो तेव्हा त्याची किंमत कोणीतरी चुकवीत असते.

पट्टीचे काय झाले?

त्या दिवशी संध्याकाळी शिरड शहापूरच्या त्या घरी बराच वेळ बोलणे चालले. हप्ता भरावयाचा होता, हे खरेच होते. आबांनी मुलाच्या वडिलांना एवढेच सांगितले, "जमीन तुझी आहे, तू ठरव. पण सात वर्षांचे काम एका काडीने जाळू नकोस."

वडिलांनी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन माती हातात घेऊन पाहिली. मग त्यांनी निर्णय केला. गवत पेटवले नाही. ते कापून गोठ्यात नेले. पट्टीचा वरचा अर्धा भाग नांगरला व त्यात तूर पेरली. तूर ही शेंगाकुळातली. तिच्याही मुळांवर गाठी असतात. शेंगाकुळातील पिकाचा बेवड चांगला, हे आपले शेतकरी पूर्वापार जाणतात ते याच कारणाने. ओढ्याकडचा खालचा भाग, बाभळी व पळसांसह, तसाच पड राहू दिला.

त्या वर्षी दोन पोती आली नाहीत, एकच आले. हप्त्याला थोडी ओढाताण झाली. परंतु भाद्रपदात ओढ्याला पुन्हा पूर आला तेव्हा पाणी गढूळ होऊन पट्टीपर्यंत चढले, गवतात थबकले आणि उतरताना बोटभर गाळ ठेवून गेले. बांध जागच्या जागी होता.

मुलगा बांधावर उभा राहून पाहत होता. आबांनी विचारले, "काय रे, फुकट पडली आहे का ही जागा?"

मुलगा काही बोलला नाही. त्याने खाली वाकून तो ओला गाळ हातात घेतला.

शब्दार्थ

पड – काही काळ न पेरता मोकळी ठेवलेली जमीन
वरकस – डोंगरउतारावरील हलकी जमीन
परिपाठ – नेहमीची रीत
धुमारा – खुंटातून फुटलेला नवा कोंब
कुजीव माती – पालापाचोळा कुजून बनलेली माती
बेवड – आधीच्या पिकाचा पुढील पिकासाठी जमिनीवर राहणारा परिणाम
दंडक – नियम
कणगी – धान्य साठविण्याचे मोठे साधन

स्वाध्याय

१. वर्षावनातील माती गरीब असूनही तेथे घनदाट अरण्य कसे वाढते, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. फिरत्या शेतीत दोन-तीन पिकांनंतर जमीन का सोडावी लागे? तीन कारणे सांगा.

३. 'चांदाडा दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करतो' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. माती लवकर सावरते, पण अरण्याची मूळ घडण परत येण्यास फार काळ लागतो. हे पाठातील आकड्यांच्या साहाय्याने सांगा.

५. मुलाच्या वडिलांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?

६. उपक्रम : आपल्या गावाजवळील पड जमिनीचा एक हात लांब व एक हात रुंद तुकडा निवडा. त्यात किती प्रकारच्या वनस्पती आहेत ते मोजा. त्यांची गावातील नावे वडीलधाऱ्या माणसांना विचारून वहीत लिहा. एका वर्षाने त्याच जागी पुन्हा मोजणी करा व काय बदल झाला ते पाहा.